निळ्या फितीच्या झाडांखाली

धाकटीने पहिल्याच भेटीत त्याच्या डोक्यावर टोपलीभर संत्री ओतली. मुद्दाम नव्हे. पण पुढे तिने जे काही मुद्दाम केलं, त्याच्या मानाने ही सुरुवात अगदीच सोज्वळ म्हणायची.

त्याचं असं झालं. बागेच्या टोकाला, ओढ्याकडच्या अंगाला एक दगडी बांध होता आणि बांधापलीकडे खड्डा. झाडाखाली गळून पडलेली फळं गोळा करून त्या खड्ड्यात टाकायची, हे धाकटीचं सकाळचं काम. आणि त्या वर्षी फळगळ अशी लागली होती की विचारू नका. अर्धीकच्ची, हिरवट संत्री दिवसभर टपाटप पडत. कोंबड्या झाडाखालून जाताना आधी मान वर करून बघत आणि मगच पाऊल पुढे टाकत. ओढ्यातले मासे आंबट तोंडं करून पोहतात, असं आत्या सांगायची. आत्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं की उरतं ते साधारण खरं असतं. तेव्हा मासे सोडून द्या. कोंबड्यांचं खरं होतं.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की हात लांब केला तर बोटं दुसऱ्याचीच वाटावीत. धाकटीने टोपली बांधावर टेकवली, "जा गं बायांनो," म्हणाली आणि उपडी केली.

खड्ड्यातून आवाज आला, "एकेक टाकता येतील का?"

धाकटी किंचाळली नाही. ती त्या जातीची नव्हती. तिने रिकामी टोपली उगारली.

धुक्यातून आधी एक हात वर आला. त्यात एक भिंग होतं. मग केस, केसांत अडकलेलं एक पान, आणि शेवटी एक तरुण, गोंधळलेला, पण फारसा न रागावलेला चेहरा.

"मी फळ संशोधन केंद्रातून आलोय," चेहरा म्हणाला. "आबांनी बोलावलं होतं. गेटवर कुणी नव्हतं, म्हणून मी... फळांच्या मागोमाग आलो."

"फळांच्या मागोमाग खड्ड्यात?"

"खड्ड्यात सगळ्यात जास्त होती."

धाकटीने टोपली खाली घेतली. "फार लागलं का?"

"लागलं. पण बरंच झालं. ही आजची ताजी आहेत ना?" त्याने डोक्यावरून घरंगळलेलं एक फळ उचलून तिच्यासमोर धरलं, देठाची बाजू वर करून. "हे बघा. किती स्वच्छ सुटलंय. कुणी ओढलं नाही, वाऱ्याने तोडलं नाही. झाडानेच सोडलंय."

त्याने हे अशा आवाजात सांगितलं, की जणू त्या फळाच्या घरी जाऊन सांत्वनाचे दोन शब्द बोलून यायला हवं. धाकटीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट छातीत कुठेतरी काहीतरी हललं... आणि मग ती स्वतःवरच चिडली.

"वर या आधी," ती म्हणाली आणि हात पुढे केला. हात गार होता त्याचा, आणि मातीचा.

घरात माणसं तीन. आबा, आबांची बहीण म्हणजे आत्या, आणि धाकटी. थोरली लग्न होऊन लांब गेली तरी धाकटीला धाकटी म्हणायचं कुणी सोडलं नाही. बाग आबांची होती, पण ओढ्याकाठचा तुकडा धाकटीचा. शाळेत असतानाच तिने तिथल्या एकेका रोपावर स्वतःच्या हाताने डोळा भरला होता. साल चिरायची, आत कळीचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची आणि वाट बघायची. आबा तेव्हा थट्टेने म्हणाले होते, "जगली तर तुझी." सगळी जगली. वाढली. फळाला आली. आणि गेले तीन हंगाम फळं टाकत सुटली होती.

आबांनी शेवटचं सांगून टाकलं होतं. "यंदाही असंच झालं तर उपटायची. माझ्या बागेत झाडं शोभेला नाहीत." आबा तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. पण तोंडाने एकदा शब्द गेला की मन मऊ असून उपयोग नसे. तोंड ऐकायचंच नाही मनाचं.

तर असा तो आला. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, 'फळगळवाला'. समोर मात्र ती त्याला पाहुणे म्हणायची. दर मंगळवारी त्याची स्कूटर खोकत खोकत गेटपाशी यायची.

पहिल्या मंगळवारी त्याने धाकटीच्या झाडांना फिती बांधल्या. काही निळ्या, काही पांढऱ्या. मग सगळ्यांवर फवारणी केली.

"एका रंगाला औषध आहे, दुसऱ्याला नुसतं पाणी," तो म्हणाला. "कुठल्या रंगाला काय, ते सांगणार नाही."

"का म्हणून? झाडं माझी आहेत."

"म्हणूनच. ज्याला औषध दिलं, त्याच्याकडे माणूस जरा जास्त मायेने बघतो. मग मोजणी बिघडते."

"मी कुणाकडे मायेने बघते ते तुम्हाला काय माहीत?"

त्याच्या हातातली फीत खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेलाच राहिला.

आबांना त्याने एवढंच बजावलं, "माझा अहवाल येईपर्यंत काही ठरवू नका." आबांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे शब्द देणं नव्हे, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारामागून मंगळवार गेले. तो यायचा, गुडघ्यावर बसायचा, प्रत्येक झाडाखालची फळं मोजायचा. ती टोपली घेऊन मागे मागे. झाडांच्या दोन ओळींमधून चालताना पानांवरचं धुकं थेंब थेंब होऊन मानेवर पडायचं. एकदा चालता चालता भुरभुर सुरू झाली, तेव्हा दोघांनी एक रिकामं क्रेट उलटं करून डोक्यावर धरलं. क्रेटला सगळीकडे भोकं. दोघंही चिंब भिजले, पण क्रेट काही कुणी खाली ठेवलं नाही.

"झाड फळं का सोडतं?" तिने त्या क्रेटखाली विचारलं.

"देठाच्या बुडाशी एक बारीकसा थर असतो. पेशींचा. एकमेकींचे हात धरून बसलेल्या असतात त्या."

"शाळेतल्या मुलींसारख्या."

"तशाच. फळ वाढत असतं तोवर त्याच्यातून देठाकडे एक संजीवक वाहत राहतं. ऑक्झिन. म्हणजे... फळाचा झाडाला रोजचा निरोपच म्हणा ना. 'मी आहे अजून, मी वाढतोय.' निरोप येतोय तोवर तो थर शांत बसतो."

"आणि झाडाचं बिनसलं तर?"

"मुळांशी पाणी साचलं, ऊन भाजून गेलं, की झाड धसका घेतं. मग इथिलीन नावाचा वायू तयार होतो झाडातच. तो या पेशींना हात सोडायला लावतो. इथे ओढ्याचं पाणी मुरतं ना, मुळं ओलीत बसतात..."

"म्हणून तुम्ही बाहेरून निरोप फवारता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. फवारणीकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. अगदी त्याने स्वतःसुद्धा. "हो," तो म्हणाला. "बाहेरून... निरोप."

"मग भरपूर फवारा की! कंजुषी कसली?"

"तसं नसतं. जास्त झालं तर उलटंच होतं. फार ऑक्झिन मिळालं की झाड स्वतःच इथिलीन करायला लागतं, आणि भराभरा फळं टाकतं. सगळं मापात लागतं."

"अगं बाई! म्हणजे निरोप पाठवला नाही तरी फळ जाणार, फार पाठवले तरी जाणार."

"म्हणून तर..." तो थांबला. केसांतून पाण्याचा एक ओघळ त्याच्या नाकावर आला. "म्हणून तर काही माणसं गप्पच बसतात."

त्या दिवशी धाकटी घरी आली ती चहात साखरेऐवजी मीठ घालायला. आत्याने एक घोट घेतला आणि कप शांतपणे खाली ठेवला. "दादा," ती आबांना म्हणाली, "फळगळ थांबायची तेव्हा थांबेल. आपल्या घरात दुसरंच काहीतरी सुरू झालंय."

"काय?" आबा म्हणाले.

"तू पी चहा."

आणि मग एका मंगळवारी तो उठला, गुडघे झाडले आणि त्याचा चेहरा असा उजळला, की शेजारच्या बागेतल्या संत्र्यांनीही एक दिवस आधी रंग धरला असेल.

"बघा! निळ्या फितीखाली बघा!"

पांढऱ्या फितीच्या झाडांखाली फळंच फळं. निळ्याखाली जमीन मोकळी. धाकटीने वर पाहिलं. निळ्या फितीच्या झाडांवर फळं घट्ट धरून बसली होती, कडेवरच्या पोरांसारखी. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जगली," ती म्हणाली.

"अजून एक-दोन फेऱ्या," तो म्हणाला. "तेवढ्यात पक्कं होईल. मग माझं इथलं काम संपलं."

"...संपलं म्हणजे?"

"म्हणजे अहवाल. मग दुसरी बाग. लांब आहे, डोंगरापलीकडे." त्याचा उजळलेला चेहरा बोलता बोलताच मावळला. तो भिंग पुसू लागला. भिंग स्वच्छच होतं.

आता शहाण्या मुलीने काय करावं? म्हणावं, 'काम संपलं तरी येत जा.' पाच शब्द. पण हेच पाच शब्द तिच्या जिभेवर असे बसले, की ओठांपर्यंत यायलाच तयार नाहीत. धाकटी कुणाला घाबरत नसे, सापाला नाही, आबांना नाही. या पाच शब्दांना मात्र घाबरली.

पुढच्या मंगळवारी उजाडताच ती बागेत गेली. पांढऱ्या फितीखालची पडलेली फळं उचलली आणि एकेक करून निळ्या फितीच्या झाडांखाली नेऊन ठेवली. धुक्यात तिला कुणी पाहिलं नाही. फक्त एका कोंबडीने पाहिलं, आणि ती कोंबडी पोटात काही ठेवणारी नव्हती, पण तिला विचारणार कोण?

तो आला. गुडघ्यावर बसला. निळ्या फितीखाली बघत राहिला. बराच वेळ... इतका की धाकटीच्या कानात तिचं स्वतःचंच काळीज ढोल बडवायला लागलं.

"विचित्र आहे," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"निकाल." त्याने एक फळ उचललं, फिरवून पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि फळ हळूच जागेवर ठेवलं. "मला वाटतं... अजून बरेच मंगळवार यावं लागेल."

"अरेरे," धाकटी म्हणाली. असलं आनंदी अरेरे त्या बागेने पूर्वी ऐकलं नव्हतं.

आणि ते मंगळवार! काय सांगावं! धुकं विरून कोवळं ऊन पडू लागलं, फळांवर पिवळसर झाक चढली, हवेत संत्र्याच्या सालीचा वास भरून राहिला. तो मोजायचा आणि मोजणी विसरायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. ती त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवायची. पॅकिंग शेडच्या पायरीवर बसून दोघं चहा प्यायचे, आणि चहा गार झाल्यावर तोच परत गरम करून प्यायचे.

"पाहुणे," आत्या शेडच्या दारातून म्हणायची, "फळं मोजायला येता की दिवस?"

"फळं, आत्या."

"नाही, चेहरा दिवस मोजणाऱ्याचा दिसतो म्हणून विचारलं. आमच्या वेळी माणसं थेट बोलत. दादा वहिनीला इतकं थेट बोलला, की वहिनी नंतर आठ दिवस कुणाशीच बोलली नाही. पण ठरलं ना शेवटी!"

फळगळवाल्याचे कान पिकल्या संत्र्याच्या रंगाचे व्हायचे. धाकटी दुसरीकडे बघायची आणि हसू दाबायची.

मग त्याला मुख्य कार्यालयात बोलावणं आलं. दोन मंगळवार त्याची स्कूटर आली नाही. कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून धाकटीने दोन्ही मंगळवारी उजाडताच आपलं काम केलं. न जाणो, आलाच तर? प्रेमात माणूस आशेच्या बाबतीत शिस्तीचा होतो.

त्या दुसऱ्या मंगळवारी तो आला नाही. आबा आले.

आबा सहसा त्या तुकड्यात जात नसत. त्यांना ती झाडं अशी फळं टाकताना बघवत नसे. पण त्या दिवशी गेले. पांढऱ्या फितीखाली फळं, निळ्या फितीखालीही फळं. हात मागे बांधून ते सगळ्या ओळी फिरले आणि परत आले.

"औषधही वाया गेलं," जेवताना ते म्हणाले. "झाडं उपटायला मशीनवाल्याला परवा बोलावलंय. त्या केंद्रातल्या मोठ्या बाईंनाही कळवलं. येऊन त्यांच्या फिती सोडून न्या म्हणावं."

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. "आबा... अहवाल येऊ दे ना."

"अहवाल मी डोळ्यांनी वाचून आलो."

"पण आबा, मी—"

"रडायचं नाही." आबांचाच आवाज चिरकला. "तू डोळे भरलेस तेव्हा तुझी बोटं एवढीएवढी होती, मला दिसत नाही का? पण जे धरत नाही ते किती दिवस कवटाळायचं, पोरी?"

ते पानावरून उठून गेले. आता तिने बोलायला हवं होतं. त्यांच्या मागे धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. काय केलं ते, आणि का केलं ते. आणि ते 'का' एकदा बाहेर पडलं की फळगळवाल्याच्या कानावर जाणार. ज्या माणसाने कुठल्या रंगाला औषध तेसुद्धा तिला सांगितलं नव्हतं, मोजणी खरी राहावी म्हणून, त्याची मोजणी तिने दर मंगळवारी नासवली होती. तो पुन्हा तिच्याकडे बघेल तरी का? एका हाताला झाडं, दुसऱ्या हाताला तो. आणि दोन्ही हात सुटत चाललेले.

गुरुवारी सकाळी आभाळ खाली उतरून आलं होतं. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावा तर बाही ओली. गेटपाशी पिवळं मशीन घुरघुरत उभं होतं. त्याचा चालक कानाला रुमाल गुंडाळून बसला होता. मागून केंद्राची गाडी आली. तिच्यातून मोठ्या बाई उतरल्या, चष्मा कपाळावर आणि बोलणं मोजकं. आणि त्यांच्या मागून तो.

"उपटणार?" त्याने मशीन बघितलं आणि तो धावतच आला. "आबा, पण तुम्ही थांबणार होतात! अहवाल—"

"फिरून बघितलं मी," आबा म्हणाले. "निळ्याखालीही तेवढीच पडलीत. तुमची मेहनत होती, मी नाही म्हणत नाही. पण ही झाडंच तसली."

त्याने आबांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. ती पांढरीफटक पडली होती. तिच्याकडे तो नेहमीपेक्षा क्षणभरच जास्त बघत राहिला... आणि मग वळला.

"झाडांचा दोष नाही," तो म्हणाला. "माझा आहे. मी औषधाचं माप चुकवलं. जास्त पडलं. ऑक्झिन जास्त झालं की झाड उलट फळं टाकतं. झाडं चांगली आहेत, आबा. त्यांना उपटू नका."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "तुमचं माप चुकलं? मी स्वतः तपासून दिलेलं?"

"...हो."

"हे खरं असेल तर फवारणीच्या कामावर तुम्हाला पुन्हा पाठवणार नाही. कुठल्याच बागेत नाही. समजतंय?"

"समजतंय."

"खोटं आहे!"

हे कोण ओरडलं, ते धाकटीलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आपणच. आता मागे फिरायला वाट नव्हती. "हे खोटं बोलतायत. माप बरोबर होतं. निळ्या फितीखाली फळं पडलीच नाहीत. मी ठेवली."

"काय?" आबा म्हणाले.

"पांढऱ्याखालून उचलायची आणि निळ्याखाली नेऊन ठेवायची. दर मंगळवारी. उजाडताच."

मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. नीट ऐकू येत नव्हतं त्याला.

"पण का?" आबांचा आवाज अगदी लहान झाला होता. "स्वतःच्या झाडांच्या मुळावर का उठलीस, पोरी?"

धाकटीने डोळे मिटले. ओढ्याचं पाणी खळखळत होतं. पानांवरून थेंब पडत होते. सगळी बाग कान देऊन उभी होती.

"गळ थांबली असती," ती म्हणाली, "तर हे यायचे थांबले असते."

छत्रीखालून आत्या म्हणाली, "दादा, ऐकू आलं ना? की तिला पुन्हा म्हणायला लावू?"

"मला माहीत होतं," फळगळवाला म्हणाला.

धाकटीचे डोळे खाडकन उघडले. "काय माहीत होतं?"

"फळं तुम्ही ठेवता ते. पहिल्या मंगळवारपासून." तो निळ्या फितीच्या झाडाखाली जाऊन बसला. "झाडावरून पडलेलं फळ कसंही पडतं. घरंगळतं, आडवं होतं, चिखलात रुततं. ही बघा ना... सगळी देठाची बाजू खाली करून बसलीत. एकालाही खरचटलेलं नाही. क्रेटमध्ये भरताना ठेवतात ना, तशी. तुमचा हात आहे तो. खड्ड्याचं सोडा, झाडाखाली तुम्हाला फळ टाकताच येत नाही. ठेवताच येतं."

आबांनी खाली पाहिलं. खरंच. संत्री झाडाखाली आसन घालून बसली होती, प्रवचनाला आल्यासारखी. फळ टाकायचं नाही, ठेवायचं, हे धाकटीला त्यांनीच शिकवलं होतं.

"आणि तुमची मोजणी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पडलेली वेगळी मोजली, बसलेली वेगळी. निळ्याखाली पडलेली जवळजवळ नाहीतच. औषध लागू पडलंय, बाई."

"कधीपासून?"

"...झाले बरेच मंगळवार."

"मग इतके मंगळवार इथे काय मोजायला येत होतात?"

त्याने बुटांकडे बघितलं. "बसलेली."

आत्याला ठसका लागला. मशीनवाल्याने तिला पाणी दिलं.

"तुम्हाला माहीत होतं!" धाकटीला आता लाज, राग, आनंद सगळं एकदमच फुटलं. "आणि मी गारठ्यात, काळीज मुठीत धरून... एकदा तरी बोलायचं ना!"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मी फळं ठेवली!"

"मी मोजली!"

"हे कसलं बोलणं?"

"मला एवढंच जमतं," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली, आणि पहिल्यांदाच अडखळला नाही. "नाही, हेही जमायला हवं. तुम्ही मला आवडता. खड्ड्यात होतो तेव्हापासून. माप चुकत असेल तर चुकू दे."

भुरभुर थांबली होती की सुरू होती, ते धाकटीला नंतर कधी आठवलं नाही. तिला फक्त आबांचे जोडे चिखलात वाजलेले आठवतात. आबा एका निळ्या फितीच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि वर बघत राहिले. फांद्या ओझ्याने वाकल्या होत्या. एकेक फळ देठाला घट्ट. आबांनी हात वर केला, एका संत्र्याला नुसता लावला आणि काढून घेतला.

मग ते मशीनवाल्याकडे वळले. "काय रे, याने चर खणता येतो का? इथून थेट ओढ्यापर्यंत? मुळांशी मुरलेलं पाणी काढायचंय."

"येतो की."

"मग घे आत. पण एका झाडाला जरी धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे."

मशीन पुन्हा घुरघुरलं. मोठ्या बाई गाडीत बसता बसता एवढंच म्हणाल्या, "अहवाल आज संध्याकाळी माझ्या टेबलावर. फक्त पडलेल्या फळांचा." आणि चष्म्याआड काहीतरी हसल्यासारखं झालं. पण बाईंवर तसा आरोप करायला पुरावा नाही.

फिती सोडून, गोळा करून तो निघाला तेव्हा आबा गेटपाशी उभे होते. धाकटी जरा मागे, आत्याच्या छत्रीत.

"म्हणजे आता इथलं काम संपलं तुमचं," आबा म्हणाले.

"हो."

"मंगळवारी यायचं कारण नाही."

"नाही."

"मग?"

आत्याने धाकटीला कोपराने ढोसलं. धाकटीचे ते पाच शब्द अजून जिभेवरच बसले होते. तिने त्यांना ढकललं. "काम संपलं तरी येत जा," ती म्हणाली. आणि बघा, काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. उलट थोडं उघडलंच.

"उद्या येतो," तो म्हणाला.

"कशाला?" आबांनी विचारलं, फटकळपणाची जुनी सवय म्हणून.

"कशालाच नाही, आबा."

आबांनी यावर विचार केला. मोठा विचार केला. "कशालाच नाही म्हणतोस," ते म्हणाले, आणि 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला ते त्यांनाही कळलं नाही. "मग सावकाश ये."

दुसऱ्या दिवशी तो आला. शुक्रवार होता. ना पिशवी, ना भिंग, ना फिती. धाकटी त्याला झाडांच्या ओळीत भेटली. जमिनीवर नवा चर ओलसर चमकत होता आणि निळ्या फितीची झाडं आता बिनफितीची होती, पण ओळखू येत होती. तो तिच्या शेजारून चालू लागला. बागेत येऊन मोजायला काही नाही, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्याला कळेना.

त्यांतल्या एकाचं तिला कळलं.